अर्धा हत्ती तुमचा, अर्धा माझा

विहीणबाई,

तुम्ही भांडण अर्ध्यावर सोडून जाणाऱ्या बाई नव्हतात. बहादरपुरात तुमच्या दारावर येणाऱ्या भाजीवाल्यालासुद्धा शेवटचा शब्द कधी मिळाला नाही. तो बिचारा गाडी ढकलत कोपऱ्यावर पोचला तरी तुमचा आवाज त्याला मागून गाठायचा, की दोडके कालच्यासारखे निघाले तर उद्या या गल्लीत दिसू नको. आणि माझ्याशी चाललेलं एवढं मोठं, एवढं रंगात आलेलं भांडण टाकून तुम्ही एका सकाळी चहाचा कप हातात असताना निघून गेलात. हे काही बरं केलं नाहीत. मी उत्तर तयार करून ठेवलं होतं. फार झकास उत्तर होतं. आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. आता ते कुणाला ऐकवू?

म्हणून लिहिते आहे. इथे तुम्हाला मध्येच तोंड घालता येणार नाही. आपल्या ओळखीत ही संधी मला पहिल्यांदाच मिळते आहे आणि मी ती सोडणार नाही.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, असं म्हणतात. बोलेन की. पण आपली ओळख काही चांगल्या बोलण्याने झाली नव्हती. नितेशसाठी पल्लवीला बघायला तुम्ही आमच्या घरी आलात तो दिवस आठवा. मागच्या गल्लीत पॉवरलूमची खडखड, समोर पोहे, खास आणलेली मावा जिलेबी, आणि खुर्चीच्या टोकावर बसलेली माझी मुलगी. तुम्ही मुलीकडे पाहिलंच नाही. सोफ्यावरची उशी उचललीत, अभ्रा काढून उलटा केलात आणि मी हौसेने भरलेल्या मोराची मागची बाजू डोळ्यांजवळ नेलीत. खोलीतलं सगळं खाणं थांबलं. मग तुम्ही अभ्रा पुन्हा चढवलात आणि म्हणालात, "मुलगी पसंत आहे. आईचे टाके मोठे आहेत."

मी म्हटलं, "मोठे आहेत म्हणून तर लांबून दिसतात."

तुमचे यजमान खोकले. माझे यजमान हसू दाबायला पाणी आणण्याच्या निमित्ताने उठले. मुलीच्या आईने वाकून राहायचं असतं, असं मला माझ्या थोरल्या बहिणीने, शेजारणींनी, अगदी लग्न जुळवणाऱ्या मामांनीसुद्धा बजावलं होतं. तुम्ही मला वाकूच दिलं नाहीत. वाकायला लागले की तुम्ही काहीतरी असं बोलायच्या की मी ताठ व्हायची. बाकीच्या विहिणी एकमेकींच्या ओट्या भरत गोड हसतात आणि घरी जाऊन कढत बसतात. आपण समोरासमोर कढायचो आणि मग जेवायचो. हे तुमचे माझ्यावर उपकार आहेत, विहीणबाई, आणि हे वाक्य मी तुम्ही असताना मेले तरी बोलले नसते.

तर आता हत्तीबद्दल.

पल्लवीला दिवस गेले तेव्हा गोधडीची गोष्ट निघाली. बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लागलं पाहिजे, घरातल्या मोठ्या माणसांनी वापरून मऊ केलेलं, यावर तरी आपलं एकमत होतं. पण पल्लवीने मोबाइलवर काहीतरी बघितलं होतं. "मम्मी, एकच सीन, चार तुकडे. प्रत्येकीने आपापल्या घरी शिवायचा, आपापल्या जुन्या साड्यांचा. नंतर सगळं जॉइन करू आणि वरून एकत्र धावदोरा घालू. एकदम मस्त लगेगा!" तिने मोठ्या कागदावर ताप्तीचा घाट काढला, त्याचे चार भाग केले आणि वाटले. आभाळ आणि किल्ल्याची भिंत माझ्या खकनारच्या ताईला. घाटाच्या पायऱ्या डोईफोडियाच्या आत्याबाईंना, म्हणजे तुमच्या नणंदेला. खालचे दोन तुकडे नदीचे, आणि नदीतला दगडी हत्ती नेमका मध्यभागी. पुढचा अर्धा तुमच्याकडे, मागचा अर्धा माझ्याकडे.

"मला मागचा का?" मी विचारलं.

"तुझे टाके मोठे असतात ना," पल्लवी म्हणाली. म्हणजे तोपर्यंत ती पुरती तुमच्या घरची झाली होती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चौघी आपापले तुकडे घेऊन आमच्याकडे जमलो. सतरंजी उचलून फरशीवर मांडणी केली. ताईचं आभाळ छान, आत्याबाईंच्या पायऱ्या तर इतक्या सरळ की उतरावंसं वाटावं. मग तुमचा तुकडा आणि माझा तुकडा एकमेकांना भिडवला आणि सगळ्याजणी वाकून बघायला लागलो.

तुमची नदी दुथडी भरलेली होती. मातकट रंगाचं ते तुमचं जुनं लुगडं, त्यावर पांढऱ्या दोऱ्याचे भोवरे, आणि हत्ती डोळ्यांपर्यंत पाण्यात. फक्त माथा, कान आणि वर केलेली सोंड. माझ्या बाजूला वाळू होती. पिवळी, तापलेली, कोरडी. त्यावर हत्तीचे भरदार कुल्ले, शेपटी, दोन्ही पाय आणि पायांची पांढरी नखंसुद्धा. नखांसाठी मी एक बरा ब्लाउज फाडला होता. पुढून पूर आणि मागून दुष्काळ, असा तो एकच हत्ती फरशीवर उभा होता.

ताई चष्मा पुसत म्हणाली, "हा बुडतो आहे का पाणी प्यायला वाकला आहे?"

तुम्ही माझ्याकडे वळलात. "पाणी कुठे आहे तुमचं?"

"पाय कुठे आहेत तुमचे?"

"पाण्यात!"

"आणि माझं पाणी आटलं. उन्हाळा आहे."

पल्लवी पोट धरून हसत होती. "तुम्ही दोघींनी ड्रॉइंग पाहिलं तरी का?"

पाहायचं कशाला? तुमचा कागद तुम्ही पहिल्याच दिवशी पिठाच्या डब्याखाली अंथरला होता. माझा मी जपून ठेवला होता, इतका जपून की सापडला नाही. गोधडी काय कागद बघून शिवतात? हत्ती कसा दिसतो ते आपल्या दोघींना पाठ होतं. तुम्ही बुऱ्हाणपूरला यायच्या त्या श्रावणात, नदी फुगली की तिची ओटी भरायला. खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू. दरवर्षी हत्ती तुम्हाला तसाच दिसायचा, पुरात माथा काढून बसलेला. मी इथलीच. पावसाळ्यात घाटावर चिखल असतो म्हणून मी फिरकत नाही, उन्हाळ्यात संध्याकाळी वाऱ्याला जाते. माझा हत्ती कायम उघडा. एवढ्या वर्षांत दोघींपैकी एकीलाही वाटलं नाही की तो दुसऱ्या कुणाला वेगळा दिसत असेल.

"नदी भरलेलीच दाखवायची असते," तुम्ही म्हणालात. "लेकराच्या खाली कोरडी नदी घालता? काही रीत आहे की नाही?"

"आणि बुडणारा हत्ती घातला तर चालतो?"

"तो बुडत नाही! पोहतो आहे!"

"दगडाचा हत्ती पोहतो?"

आत्याबाई तिळगूळ तोंडात धरून बसल्या होत्या. गोड बोलायचा सण होता. तुम्ही तुमचा तुकडा उचललात, घडी केलीत, पिशवीत घातलात आणि दारात चपला चढवताना म्हणालात, "पाणी आलं की कळवा."

पल्लवी बाळंतपणाला माझ्याकडेच राहिली होती. त्यानंतर तुमचा फोन आला की आधी तिची चौकशी, मग तिने खाल्लं काय, मग मी ते कसं चुकीचं केलं होतं, आणि शेवटी, "आलं का पाणी?" मी विचारायची, "तुमच्या हत्तीला श्वास घेता येतो का?" आणि तुम्ही फोन ठेवायच्या. फोन ठेवण्याआधी तुम्ही हसायच्या, ते मला ऐकू यायचं. तुम्हाला वाटायचं येत नाही.

होळीनंतर एका सकाळी नितेशचा फोन आला आणि तो नुसताच "मम्मी" म्हणाला. मी पदराला हात पुसत होते, ते पुसतच राहिले. पल्लवी भिंतीला टेकून खाली बसली. तिला तशा अवस्थेत न्यायला सगळ्यांनी नको म्हटलं, म्हणून मी आणि हे निघालो. बहादरपूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी केळी उभी होती, पाणी सोडलेलं होतं, सगळं नेहमीसारखं. तुमच्याकडे बायकांची गर्दी होती. मी सवयीने सरळ स्वयंपाकघरात शिरले. कुणीतरी चहात पाणी जास्त घातलं होतं, दुधाचं पातेलं उघडं पडलं होतं, आणि त्यावरून कुणीही कुणाला रागावत नव्हतं. तेव्हा मला रडू फुटलं. त्याआधी नाही.

गंधमुक्तीच्या दिवशी, सुतक फिटल्याच्या जेवणाला, मी चोरी केली. हेही तुम्हालाच सांगते.

आतल्या खोलीत तुमच्या साड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं होतं, कुणाकुणाला द्यायचं म्हणून. बाहेर पंगत बसली होती. मी लाडवांचा रिकामा डबा घेऊन आत गेले, दार लोटलं, गाठ सोडली आणि तळातून तुमचा तुकडा ओढून काढला. उलगडला. आणि विहीणबाई, मला वाटलं होतं की तुम्ही काहीतरी पडतं घेतलं असेल. थोडी वाळू, एखादा पाय. मी स्वतःला तयार केलं होतं, डोळे पुसायला पदरही हातात घेतला होता.

तुम्ही पाणी वाढवलं होतं!

संक्रांतीला डोळ्यांपर्यंत होतं, ते आता कानावरून गेलं होतं. नव्या ठिगळाचा रंग जरा वेगळा, टाके तेच तुमचे, मुंगीच्या पावलांचे. सगळा हत्ती बुडवून फक्त माथा आणि सोंड वर ठेवली होती, केवळ माझं तोंड बघायला मिळावं म्हणून. मी हसले. गंधमुक्तीच्या घरात, बंद खोलीत, मोठ्याने. थांबवताच येईना.

दार उघडलं. आत्याबाई.

"काय वं विहीणबाई, बरं नाही का?" मग त्यांना माझ्या हातात काय आहे ते दिसलं. "ते ठेवा तिथंच. ते तिच्या कपड्यांसंग जाईल."

"हे बाळाचं आहे, आत्याबाई."

"आत्ता गेलेल्या बाईचं लुगडं तान्ह्या लेकराखाली? माय वं! पोरगी तुमची पहिलटकरीण आहे. जरा तरी भेव ठेवा."

मी उभी राहिले. मला भाषणाची संधी मिळाली की काय होतं ते तुम्ही जाणता. "आत्याबाई, या मुलखात जन्मलेलं एक तरी लेकरू दाखवा जे मेलेल्या आजीच्या लुगड्यावर झोपलं नाही. आपण सगळे कशावर वाढलो? दुकानातल्या ब्लँकेटवर?"

"त्या म्हाताऱ्या होऊन, सगळं बघून गेलेल्या. ही घाईत गेली." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "घाईत गेलेलं माणूस मागं वळून बघतं."

"बघू दे की! मला तेच पाहिजे."

"तुम्हाला सगळं नाटक वाटतं."

हे मात्र लागलं. कारण त्या खोटं खोटं भांडत नव्हत्या. तुम्ही नव्या सून असताना तुमची पाठराखण करायला ज्या उभ्या राहिल्या, त्याच आता तुमच्यापासून बाळाला राखत होत्या. तेवढ्यात नितेश दारात आला, डोक्याचे केस उतरवलेला, पंगतीतलं पाण्याचं भांडं तसंच हातात. त्याने तुकड्याकडे पाहिलं.

"आत्या, तो तुकडा या मम्मींना नेऊ दे."

"तू पोरगा आहेस, तुला समजत नाही."

"नाही समजत. पण माझ्या लेकराला मी आजी कुठून दाखवू? फोटो काय, भिंतीवर राहील. हे अंगाखाली राहील."

आत्याबाई गाठोड्याकडे वळल्या. मग त्यांनी ते पुन्हा बांधलं, गाठ घट्ट ओढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मग माझा तुकडा त्याच्यातून काढा. पायऱ्या माझ्या आहेत. मी येऊन घेऊन जाईन."

"या," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण घरी येताना डबा मांडीवर धरून बसले होते आणि घाबरले होते. हे घाबरणं माझ्यासाठी नव्हतं. तुम्ही राहिलात तर त्या जाणार होत्या, त्या राहिल्या तर तुम्ही. पल्लवीच्या घरातल्या दोन मोठ्या बायकांमधून मी एक निवडायला बसले होते, आणि तिला मूल व्हायचं होतं.

तरी मी गोधडी शिवली. ताई खकनारहून आली, आम्ही चारही तुकडे जोडले, आत्याबाईंच्या पायऱ्यासुद्धा. त्या येतील तेव्हा उसवून देऊ, असं ठरवून. पोटात आम्हा सगळ्यांच्या साड्या घातल्या. तुमच्या आणि माझ्या तुकड्याची शिवण घालताना ताई म्हणाली, "आता तरी थोडं पाणी घाल तुझ्या बाजूला. गेली बिचारी."

मी सुई खाली ठेवली. "ती बिचारी नव्हती."

आणि पाणी घातलं नाही. विहीणबाई, तुम्ही बघायला नसताना मी हरले असते तर ती तुमची फसवणूक झाली असती. तुम्हाला तो विजय समोर बसून, पान खात, माझ्या तोंडाकडे बघत हवा होता. तसा तो आता मिळणार नाही, मग दुसरा कुठला तुम्ही घेतला नसता. हत्ती जसा होता तसा आहे. पुढचा अर्धा तुमच्या श्रावणात, मागचा अर्धा माझ्या उन्हाळ्यात. धावदोरा मात्र सगळ्यावरून सलग घालावा लागतो, तो मीच घातला. तुमच्या भागावर आले तेव्हा टाके बारीक पडायला लागले. डोळे दुखले, मान अवघडली, पण बारीक घातले. उलटी करून बघा. हे मी कुणाकडे कबूल करणार नाही.

मुलगी झाली. नाक तुमचं आहे. सगळे म्हणतात अजून काही कळत नाही, पण दूध द्यायला उशीर झाला की ती ज्या पद्धतीने आधी श्वास घेते आणि मग सुरू होते, ते मला फार चांगलं कळतं.

आणि वैशाखात एका सकाळी आत्याबाई डोईफोडियाहून आल्या. चहा नको, पाणी नको. कमरेच्या पिशवीतून कातर काढली. "माझा तुकडा."

गोधडी आतल्या खाटेवर होती आणि तिच्यावर नात झोपली होती, नेमकी तुमच्या पुरात. पल्लवी अंघोळीला गेलेली. आत्याबाई खाटेजवळ कातर धरून उभ्या राहिल्या, आणि त्याच क्षणी बाईसाहेबांनी पाय ताणले आणि अंथरूण भिजवलं. मग रडणं. आत्याबाईंनी कातर माझ्या हातात कोंबली आणि लेकराला उचललं. "अरे अरे अरे, कोण भिजलं? माझी बाय भिजली?" एका हाताने मूल छातीशी, दुसऱ्या हाताने गोधडी ओढली आणि मला हुकूम सोडला, "बादली काढा. साबण नको, साबणाने दोरा कुजतो."

त्यांनी ती स्वतः धुतली. मला हात लावू दिला नाही. पिळली नाही, दाबून पाणी काढलं, गच्चीवर दोरीवर घातली आणि कोपरे ओढून सरळ केले.

मी कातर पुढे केली.

"ओली गोधडी उसवत नाहीत," त्या म्हणाल्या. "कापड ओढलं जातं. वाळू द्या."

बरं म्हटलं, वाळू द्या. जेवल्या. आमच्या गच्चीवरचं वैशाखातलं ऊन तुम्ही पाहिलं आहे, पापड घातला तर उलटायला जाईपर्यंत कडक होतो. जेवण झाल्यावर त्या वर गेल्या आणि खाली येऊन म्हणाल्या, "ओलीच आहे." पल्लवीने नातीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. दुपारचा चहा झाला, तेव्हा घेतला. पुन्हा वर गेल्या. डोईफोडियाची बस निघून गेली असणार, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

मी मागोमाग वर गेले. त्या दोरीपाशी उभ्या होत्या. तुमच्या त्या मातकट पाण्यावर त्यांनी तळहात सपाट ठेवला होता आणि तो त्या हलवत नव्हत्या. मी कडेला हात लावला. गोधडी आतबाहेर वाळून गरम झाली होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले, पण मान ताठ. "ओली आहे ना वं?"

"चिंब आहे," मी म्हटलं. "उद्या बघू."